विदासंचातील गावांची नावे वाचनीय कशी झाली

सर्न या युरोपीय संशोधन संस्थेच्या झेनोडो या ऑनलाइन संशोधन-भांडारात ठेवलेली, विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदींची आमची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) उघडल्यावर गावांच्या देवनागरी नावांऐवजी अगम्य चिन्हे दिसतात, अशी तक्रार एका संशोधकाने केली. फाइल साठवणुकीत खराब झाली असेल ही शंका आधी दूर करणे आवश्यक होते. म्हणून डाउनलोड केलेल्या फाइलचा एमडी५ चेकसम (फाइलमधील मजकुरावरून काढलेला, तिच्या ठशासारखा संकेत) भांडाराच्या पानावरील चेकसमशी ताडून पाहिला आणि तो तंतोतंत जुळला. म्हणजे मजकूर शाबूत होता. स्प्रेडशीट मात्र यूटीएफ-८ ऐवजी दुसरेच एन्कोडिंग (अक्षरे संगणकात साठवण्याची पद्धत) गृहीत धरून तो वाचत होती.

फाइलच्या आरंभी बीओएम (एन्कोडिंग ओळखण्यासाठीचे अदृश्य चिन्ह) घातल्यास स्प्रेडशीटपुरते काम भागते, परंतु काही प्रोग्रॅममध्ये तेच अदृश्य चिन्ह पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते, त्यामुळे तो उपाय मला पटला नाही. त्याऐवजी २०११च्या जनगणनेतील सहा अंकी ग्रामसंकेतांक वेगळ्या रकान्यात भरले, म्हणजे नाव नीट दिसले नाही तरी गाव ओळखता येईल, आणि ‘रीडमी’ या सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये आयातीच्या वेळी यूटीएफ-८ निवडण्याची सूचना लिहिली. जुन्या फाइलला हात न लावता (तिच्या आधारे कोणी शोधनिबंध लिहिला असेल तर?) नवी आवृत्ती प्रकाशित केली, तिला स्वतंत्र डीओआय (कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक) मिळाला, जुनीचा कायम राहिला, आणि सर्व आवृत्त्यांचा सामाईक डीओआय आता ताज्या आवृत्तीकडे नेतो.