दरी राखायची तर आधी पाटाचं साल विचारा

मी साक्री तालुक्यातली, पांझराकाठची. फडाचं, म्हणजे गावाने मिळून भिजवायच्या शेतांचं, पाणी पाटकरी सोडायचा आणि त्याच्याशी वाकडं घ्यायची कोणाची टाप नव्हती. गेली बावीस वर्षं कोलोरॅडोत ग्रँड जंक्शनला राहते. पाटकरी इथेही आहे, फक्त तो पिकअपमधून फिरतो. इथल्या लाल दऱ्या बघून आपली तरुण मंडळी विचारतात, "हे वाचवायचं तर सुरुवात कुठून करू?" त्यांच्यासाठी हे लिहितेय.

उदाहरण जवळचंच घेते. डोमिंगेझ कॅन्यन. हायवे ५० सोडून ब्रिजपोर्टला उतरायचं, रुळांच्या कडेने चालायचं, पादचारी पुलावरून गनिसन नदी ओलांडायची. आत लाल वालुकाश्माचे कडे, दगडावर कोरलेली जुनी चित्रं, बिगहॉर्न नावाच्या रानमेंढ्या. २००९ मध्ये इथल्या ६६ हजार एकरांहून जास्त जमिनीला वाइल्डरनेसचा दर्जा मिळाला.

वाइल्डरनेस म्हणजे आपलं अभयारण्य नव्हे. १९६४च्या कायद्यानुसार हा दर्जा फक्त अमेरिकेची संसद देते. मग तिथे नवा रस्ता नाही, मोटार नाही, सायकलसुद्धा नाही. आधीपासून चरणारी गुरं मात्र चरू शकतात. पाण्याबाबत या कायद्याने चक्क कानावर हात ठेवलेत: केंद्राला राज्याच्या पाणी-कायद्यातून सूट आहे असंही म्हणत नाही, नाही असंही म्हणत नाही. अर्धी भांडणं तिथूनच निघतात.

तेव्हा हद्दीचा नकाशा बाजूला ठेवा आणि आधी पाण्याची हक्कनोंद उघडा. कोलोरॅडोत ज्याने आधी पाणी उचलून वापरलं त्याचा हक्क आधी. ओढा आटला की जुना हक्कदार आपलं पूर्ण घेतो, नव्याचा पाट कोरडा. आमच्या फडात टंचाई सगळे मिळून सोसायचे, एखादा फड पडीक ठेवायचे. इथली रीत मला अजून पुरती पचलेली नाही, पण ती शिकल्याशिवाय कोणी दारात उभं करत नाही. प्रत्येक हक्काला तारीख, ठिकाण आणि सीएफएसमधला आकडा असतो. एक सीएफएस म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. गनिसन खोरं राज्याच्या सात पाणी-विभागांपैकी चौथ्यात येतं, कार्यालय माँट्रोजला. नोंदी ऑनलाइन दिसतात, तरी एकदा तिथे जाऊन बसाच.

नोंदी बघताना दरीच्या वरच्या अंगाकडे लक्ष द्या. उगमाजवळच्या उंच डोंगरात वाइल्डरनेस केलं तर वर पाणी घेणारं कोणी नसतं. इथे तसं नाही. डोमिंगेझचं पाणी येतं वरच्या पठारावरून, आणि तिथे गुरं आहेत, खाजगी जमिनी आहेत.

माझी पहिली सभा मीच घालवली. मेंढ्यांचे फोटो दाखवत होते. मागून एक म्हातारा शेतकरी उठला: "बाई, तुमच्या मेंढ्या कुठल्या सालचं पाणी पितात?" सभा हसली. मलाही हसू आलं, पण गाडीत बसल्यावर कळलं, प्रश्न बरोबर होता. केंद्राने राखून ठेवलेल्या जमिनीबरोबर पाणीही राखलं जातं, असं सुप्रीम कोर्टाने १९०८ मध्ये म्हटलंय. लोक त्याला भितात. तुम्ही म्हणाल, जमीन राखली २००९ मध्ये, म्हणजे हक्कही २००९चा, तो १८९०च्या पाटाचं काय वाकडं करणार? बरोबर आहे. पण धास्ती जुन्या पाण्याची नसतेच. उद्या पाटाचं तोंड हलवायचं झालं, नवं तळं बांधायचं झालं, तर कोर्टात सरकार समोर उभं राहील, ही खरी धास्ती. तिच्यावर बोला, मेंढ्यांवर नको.

तोडगा राज्याच्याच कायद्यात आहे. ओढ्याचं पाणी ओढ्यातच राहू देण्याचा हक्क १९७३पासून इथे घेता येतो, पण तो फक्त राज्याच्या जलसंवर्धन मंडळाला. डोमिंगेझच्या कायद्याने आधीचे हक्क जसेच्या तसे ठेवले, आणि मंडळाच्या हक्काने दरीचं भागत असेल तर केंद्राने वेगळा मागू नये असं ठरवलं. मंडळाने बिग आणि लिटल या दोन्ही डोमिंगेझ ओढ्यांचं, कोणाच्या नावावर नसलेलं पाणी मागितलं. वरच्यांच्या पुढच्या गरजेसाठी थोडा वाटा बाजूला ठेवून. माझ्या मते सगळी मेख त्या वाट्यात आहे.

आपल्या दरीसाठी असं मागणं करायचं तर मोजणीच्या दिवशी हजर राहा. उथळ खळाळत्या जागी टेप आडवी लावून खोली, वेग आणि पात्र किती भिजलंय ते बघतात. त्यातून किमान प्रवाह निघतो. माशांना तो चालेल, वाळवंटी दरीला पुरत नाही. बर्फ वितळून पूर येतो, ओसरताना ओली वाळू उघडी पडते, तिच्यावर कॉटनवुड या नदीकाठच्या झाडाचं बी रुजतं. पूर येणंच थांबलं की नवी झाडं गेली. म्हणून ठरावीक आकडा मागू नका, जुन्या हक्कांनंतर उरलेलं सगळं मागा.

अर्ज पाणी-कोर्टात, म्हणजे पाण्याचे हक्क ठरवणाऱ्या कोर्टात, गेला की ज्या महिन्यात दाखल झाला त्याच्या पुढच्या दुसऱ्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत कोणीही हरकत घेऊ शकतं. हरकत कोण घेणार हे कोर्टाकडून कळलं तर तुम्ही उशीर केलात. त्याआधीच वरच्या प्रत्येक पाटवाल्याच्या घरी जाऊन या. सुगीत नको, हिवाळ्यात जा. त्याच्या हक्काचं साल पाठ करून जा, नकाशा कोरा न्या आणि हद्दीची पेन्सिल त्याच्या हातात द्या. कॉफी पातळ असते. दुसरा कपही घ्यावा लागतो.