बंद पडलेली जुनी बुलेट चालू करताना

गोव्यात चवथ आटोपून ऊन पडलं की पडवीतली, ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं उभी असलेली बुलेट बाहेर काढावीशी वाटते. पण पहिलीच किक जोरात मारू नका. इथल्या दमट हवेने ओतीव लोखंडाच्या सिलिंडरला आतून गंज चढतो आणि पिस्टनच्या रिंगा धरून बसतात. जोर लावला तर रिंग तुटते, बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, ओरखडे पडतात. हे इंजिन आता बनत नाही, तेव्हा ते जपायलाच हवं.

स्पार्क प्लग काढून त्याच्या भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी गाडी मेन स्टँडवर घ्या, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हातानेच पुढे-मागे हलवा. किंचित सरकलं तरी चालेल, पुन्हा तेल सोडून थांबा. दोन-तीन दिवसांतही हललं नाही, तर हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवायला मेस्त्रीकडे न्या. किकला पाइप लावून जोर काढू नका.

इंजिन मोकळं झालं की जुनं ऑइल सगळं काढा. उभ्या बुलेटमध्ये ऑइल टाकीतून पंपावाटे क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पेटीत) झिरपतं, म्हणून दोन्हीकडचे ड्रेन नट उघडा. ऑइल दुधासारखं पांढरट आलं तर आत पाणी गेलंय. फिल्टर बदलून नवीन २०डब्ल्यू-५० ग्रेडचं ऑइल भरा.

मग पेट्रोल. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. तळाशी वेगळा थर किंवा तांबूस गाळ दिसला तर टाकी धुवावीच लागेल. कार्ब्युरेटरचा पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) उजेडासमोर धरा. भोकातून उजेड दिसला नाही, तर क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करा. तार घातली की भोक मोठं होतं आणि मग गाडी कधीच नीट आयडलिंग धरत नाही. सायलेन्सरचं तोंडही बघा, कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते.

पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क) बारीक पॉलिश पेपरने घासून पुसा, गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा. प्लगच्या भोकावर फडकं धरून दोन-चार किक मारा, आतलं तेल उडून जाईल. मग प्लग भोकापासून लांब, इंजिनाला टेकवून ठिणगी बघा. निळी हवी.

आता प्लग बसवा, ताजं पेट्रोल भरा आणि चोक लावा. इग्निशन चालू ठेवून किक हळू दाबत न्या. अँपिअर मीटरची (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरची) सुई मधोमध आली की डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून किक किंचित पुढे सरकवा. डिकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि एकच पूर्ण किक मारा. बऱ्याच किक मारूनही उठली नाही तर प्लग काढून बघा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला असेल तर ठिणगीत खोट आहे.

चालू झाल्यावर येणारा धूर आपण सोडलेल्या तेलाचाच असतो, थोड्या वेळात विरतो. लगेच हेडकडे जाणाऱ्या ऑइल पाइपचा बोल्ट जरासा सैल करा. तिथे ऑइल आलं नाही तर इंजिन त्याच क्षणी बंद करून पंप तपासा.