खुर्चीसकट काट्यावर

मणक्याला मार बसून पाय गेले की घरातला वजनकाटा अडगळीत जातो. उभंच राहता येत नाही तर वजन करणार कसं? मी महिन्यातून एकदा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती मोजतात त्या काट्यावर व्हीलचेअरसकट चढतो. काटा जमिनीलगतचा बघायचा, नाहीतर फळी लावून घ्यायची. चारही चाकं काट्यावर, ब्रेक लावलेले, लघवीची पिशवी आधीच रिकामी. रिकामी खुर्ची गादीसकट एकदा वेगळी मोजून आकडा पाठीमागे लिहून ठेवलाय: १९ किलो. तेवढे वजा. हमाल विचारतात, "दादा, आज दर काय लावायचा?" हसू देत.

आकडा वाचताना मात्र जपून. पायांचे स्नायू आटतात, चरबी वाढते, त्यामुळे नेहमीचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) फसवतो. मणक्याच्या दुखापतीनंतर २२ च्या वर गेला तरी वजन जास्त धरतात. १६५ सेंटिमीटर उंचीला म्हणजे साधारण ६० किलो. (उंची आडवं झोपवून मोजायची.)

वजन चढलं असेल तर त्याच रात्री आरशात मांड्यांच्या बाजू बघा. खुर्ची अरुंद पडून तिथं घासते, आणि संवेदना नसल्याने आपल्याला कळत नाही. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्या जागेवर भार नको आणि डॉक्टरांना दाखवा.