प्राध्यापकांची डिजिटल कौशल्ये: एक सेमिस्टर, एक पेपर, एक युनिट

प्रमाणपत्रे फाइलला लागतात, पण वर्गात काही बदलत नाही, ही तक्रार कितीतरी महाविद्यालयांत ऐकू येते. कार्यशाळा साधनावर होते, शिकवण्याच्या कामावर होत नाही, हे त्याचे मुख्य कारण. खालची पद्धत आठ-दहा प्राध्यापकांच्या एका विभागासाठी, एका सेमिस्टरपुरती आहे. प्रत्येकाने आपला एकच पेपर घ्यायचा, आणि त्यातले एकच युनिट. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांनाही पहिल्या बैठकीपासून बसवा. अनेक ठिकाणी निम्मे तास तेच घेतात आणि प्रशिक्षणातून नेमके तेच वगळले जातात.

मोजपट्टी म्हणून शिक्षकांच्या डिजिटल क्षमतांचा युरोपीय संघाचा २०१७ चा ‘डिजकॉम्पएज्यु’ आराखडा सोयीचा आहे. त्यात ६ क्षेत्रे, २२ क्षमता आणि ए१ (सर्वांत खालची) ते सी२ (सर्वांत वरची) अशा सहा पातळ्या आहेत. युनेस्कोच्या शिक्षकांसाठीच्या अशाच आराखड्याची २०१८ ची तिसरी आवृत्ती संस्थेचे धोरण लिहिताना जास्त कामी येते. एका प्राध्यापकाला स्वतःला तपासायला पहिलाच बरा.

स्वमूल्यांकनाला दीड तास पुरतो. अडचण एकच येते: जो तो स्वतःला बी२ देऊन मोकळा होतो. म्हणून नियम ठेवा, प्रत्येक पातळीसमोर पुरावा हवा: लिंक, फाइल किंवा प्रश्नसंच. पुरावा नसेल तर एक पातळी खाली. मग २२ पैकी फक्त दोन क्षमता निवडा. आमचा आग्रह ‘साहित्य तयार करणे’ आणि ‘अभिप्राय देणे’ या दोन्हींचा आहे, कारण त्यांचा परिणाम विद्यार्थ्याला त्याच आठवड्यात दिसतो.

साहित्यात मराठी माध्यमाच्या विभागांची पहिली ठेच फॉन्टला लागते. वर्षानुवर्षांच्या नोट्स श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. त्या मूडलवर (ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर) चिकटवल्या की विद्यार्थ्याच्या मोबाइलवर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा कचरा दिसतो. त्यांची पीडीएफ केली तर डोळ्यांना नीट दिसते, पण शोध चालत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर ती वाचू शकत नाही. उपाय एकच, युनिकोड, म्हणजे कोणत्याही उपकरणावर तीच अक्षरे दाखवणारी सर्वमान्य संकेतपद्धती. कन्व्हर्टरमधून मजकूर काढल्यावर तीन जागा हाताने तपासा: ऱ्हस्व वेलांटी, रफार, आणि ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’ मधला र. जुने फॉन्ट अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठवतात, त्यामुळे वेलांटी आणि रफार शेजारच्या अक्षरावर सरकतात. शेवटी फाइलमध्ये ‘अर्थव्यवस्था’ असा शब्द शोधून पाहा. सापडला नाही तर रूपांतर अपुरे आहे.

व्हिडिओवर फार शक्ती घालवू नका. आठ-दहा मिनिटांचा एक तुकडा, एक संकल्पना, कॉलरला लावायचा माइक आणि पंखा बंद. चित्र थोडे फिके चालते. आवाज घुमला की मुले बंद करतात.

खरे काम अभिप्रायाचे. बहुपर्यायी प्रश्न मूडलवर चढवणे म्हणजे डिजिटल मूल्यमापन नव्हे. प्रत्येक चुकीचा पर्याय एखाद्या ठरावीक चुकीतून यायला हवा. अर्थशास्त्रातले उदाहरण घ्या: वस्तूची किंमत १० रुपयांवरून १२ झाली, मागणी १०० नगांवरून ९० झाली, मूळ आकड्यांच्या आधारे मागणीची लवचिकता (मागणीतला टक्केवारी बदल भागिले किमतीतला टक्केवारी बदल) किती? किंमत २० टक्के वाढली, मागणी १० टक्के घटली, म्हणून चिन्ह सोडून उत्तर ०.५. चुकीचे पर्याय २ आणि ५ ठेवा. २ निवडणाऱ्याने भागाकार उलटा केला. ५ निवडणाऱ्याने टक्के न काढता १० नगांना २ रुपयांनी भागले. मूडलमध्ये प्रत्येक पर्यायाखाली अभिप्रायाचा रकाना असतो. तिथे ‘चूक’ लिहून थांबू नका, ‘टक्केवारी काढली का?’ असे विचारा.

सरावाच्या चाचणीला अनेक प्रयत्नांची संवादी पद्धत निवडा. इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. प्रश्नात सूचना (चुकल्यावर दिसणारे इशारे, ‘हिंट’) भरल्या नाहीत तर विद्यार्थ्याला एकच प्रयत्न मिळतो. जितक्या सूचना, त्याहून एक जास्त प्रयत्न. दुसरे, प्रत्येक चुकीच्या प्रयत्नाला आपोआप एक तृतीयांश गुण कापले जातात. सरावात ही कपात शून्यावर आणा, नाहीतर मुले उत्तर ‘मागवून’ भरतात.

चाचणी झाली की सांख्यिकी अहवाल उघडा. सुलभता निर्देशांक म्हणजे सरासरी किती टक्के गुण पडले. भेद निर्देशांक सांगतो की एकूण चाचणीत पुढे असलेली मुले या प्रश्नातही पुढे आहेत का. तो ऋण आला तर आधी उत्तरसूची तपासा. बहुतेकदा चूक तिथेच असते. २० च्या खाली असेल तर प्रश्नाची भाषा पाहा. वर्गात वीस-पंचवीसच मुले असतील तर या आकड्यांवर फार विसंबू नका.

सहाव्या आठवड्याला जोड्या लावा. जोडीदाराचे पान तपासताना मूडलमधले विद्यार्थ्याची भूमिका घेण्याचे बटण पुरेसे नाही, कारण त्यात चाचणी आणि असाइनमेंट विद्यार्थ्याला दिसतात तशा दिसत नाहीत. तपासण्यापुरते एक विद्यार्थी खाते काढा, ते मोबाइलवर उघडा, आणि वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर पूर्ण युनिट करून पाहा. अडलेली प्रत्येक जागा लिहा.

हे काम पदोन्नतीच्या फाइलमध्येही बसते, आणि तसे बसवण्यात गैर काही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत ई-कंटेंटसाठी गुण आहेत: चारही चतुर्थांशांतल्या एका मॉड्यूलला ५, पूर्ण अभ्यासक्रमाला १२, निदान एका चतुर्थांशातल्या योगदानाला २. चतुर्थांश म्हणजे ई-ट्युटोरियल, ई-कंटेंट, चर्चा आणि मूल्यमापन. तुमच्या युनिटमध्ये तीन जमले असतील तर चर्चेचा मंच उरतो. तो उघडून सोडून दिला की ओस पडतो. ‘आपल्या गावच्या बाजारात कांदा महागला की कोणाची मागणी किती घटते?’ असा वाद होईल असा एक प्रश्न टाका आणि दोन दिवसांत स्वतः उत्तर द्या.

सेमिस्टर संपताना प्रत्येकाकडे चार गोष्टी असाव्यात: युनिकोडमधल्या नोट्स, अभिप्रायासह प्रश्नसंच, सांख्यिकी अहवाल पाहून बदललेले दोन प्रश्न (आधीचे आणि नंतरचे), आणि जोडीदाराची टिपणे. याच पुराव्यांवर पातळी पुन्हा ठरवा.

जाता जाता अभ्यासक्रमाचा बॅकअप उतरवून विभागाच्या संगणकावर ठेवा. विद्यार्थ्यांची माहिती त्यात घेऊ नका. तासिका तत्त्वावरचा सहकारी पुढच्या वर्षी दुसरीकडे गेला तर एक प्रत त्याच्याबरोबर जाऊ द्या, आणि मूळ पानावर त्याचे नाव राहू द्या.