थरच्या वाळवंटात एकट्याची गाडी बंद पडली तर

मे-जूनमध्ये जैसलमेर-बाडमेरकडे पारा ४५ अंशांपुढे सहज जातो. फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले. अशा उन्हात चालणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर घाम जातो, सावलीत पडून राहणाऱ्याचा त्याच्या कितीतरी कमी. म्हणून आधी घाम वाचवायचा.

गाडी सोडू नका. शोधणाऱ्यांना दुरून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. ११२ लावा, आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो.

दुपारी गाडीत बसू नका, ती भट्टी होते. गाडीच्या सावलीचाही भरवसा नको: जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सावली चाकांपाशीच संपते. दरवाजाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत ताडपत्री किंवा चादर तिरकी बांधा, दोन थरांत, मध्ये वीतभर जागा सोडून. एकच थर असला तर तो तापून खालच्याला भाजतो. जमीन हवेपेक्षा खूप तापते, म्हणून सीट काढून तिच्यावर पडा. ती निघत नसेल तर पहाटे हातभर खोल चर खणा; कडा उतरत्या ठेवा, नाहीतर कोरडी वाळू ढासळते. आत शिरण्याआधी काठीने चाचपा. फुरसं आणि विंचूही गारवा शोधत असतात. शर्ट काढू नका. आंधी आली तर मात्र गाडीत शिरून काचा लावा.

तहान लागली की नीट घोट घ्या. झाकणाझाकणाने पाणी पुरवत बसण्यात अर्थ नाही. बाटलीत राखलेलं पाणी उष्माघात टाळत नाही. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटरमध्येच कालवा. पाणी थोडं असेल तर खाणं टाळा, फरसाण तर नकोच. रेडिएटरचं पाणी कधीही पिऊ नका, कूलंटमधलं ग्लायकॉल मूत्रपिंडं निकामी करतं. लघवी, थोराचा किंवा रुईचा चीकही नको. वाळूवर वेलीला छोट्या कलिंगडासारखे दिसणारे तुंबे जहाल रेचक आहेत. जुलाबांनी उरलंसुरलं पाणीही जातं. प्लॅस्टिक अंथरून खड्ड्यात पाणी जमवायचा उपाय सांगितला जातो, पण जमणाऱ्या पाण्यापेक्षा खणतानाचा घाम जास्त.

ऊन असेपर्यंत गाडीचा आरसा काढून त्याची चमक क्षितिजावर फिरवत राहा. स्टेपनी जाळायची तर आधी व्हॉल्व्ह काढून हवा सोडा, नाहीतर टायर फुटतो. गाडीपासून चांगली लांब पेटवा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबा. काळा धूर दुरून दिसतो.

चालायचंच झालं तर ठिकाण माहीत असेल तेव्हाच, सूर्य मावळल्यावर. डोकेदुखी किंवा मळमळ सुरू झाली असेल तर निघू नका. ओलं फडकं मानेवर आणि काखेत ठेवून पडून राहा. थर बऱ्यापैकी वसलेला आहे: विजेचे खांब किंवा चाकोरी धरली तर ढाणी, म्हणजे शेतावरची वस्ती, सापडायची शक्यता असते. शेळ्यांच्या पायवाटा एकत्र येत असतील तर पुढे बहुधा टोबा, म्हणजे पावसाच्या पाण्याचं तळं असतं. उन्हाळ्यात मात्र ते कोरडं निघू शकतं. निघाल्याची वेळ आणि दिशा कागदावर लिहून आतून काचेला चिकटवा.