विमानाच्या तिकिटाची पट्टी वाचायची कशी?

आमच्याकडे सोयाबीन बाजार समितीत घातलं की संध्याकाळी पट्टी, म्हणजे अडत्याने दिलेला विक्रीच्या हिशोबाचा कागद, घरात चार जण वाचतात. हमाली किती लावली, तोलाई किती, अडत्याने मागची उचल आत्ताच कापली का. दहा रुपयांचा फरक निघाला तरी दुसऱ्या दिवशी विचारणा होते. तोच माणूस पोराच्या पदवीदानाला इंग्लंडला निघाला की लाखभराचं तिकीट नुसता खालचा आकडा पाहून घेतो. तिकीटही एक पट्टीच आहे. भाडं वेगळं, कर वेगळे, विमानतळांचं शुल्क वेगळं, मध्यस्थाचं कमिशन वेगळं. ही पट्टी वाचता आली नाही म्हणून दारव्हा-दिग्रसकडच्या आमच्या भागात लोकांचे हजारो रुपये बुडालेले मी पाहिले आहेत. त्यात माझ्या घरचेही बुडता बुडता वाचले. ती गोष्ट पुढे येईलच.

आधी खरं तिकीट हातात घ्या

एजंट व्हॉट्सॲपवर विमानाची वेळ आणि एकूण रक्कम पाठवतो. ते तिकीट नव्हे. त्याला ई-तिकीट मागा, म्हणजे ज्यावर तेरा आकडी तिकीट क्रमांक, पीएनआर (बुकिंगचा क्रमांक) आणि भाड्याची फोड असते तो कागद. काही एजंट फोड झाकून पाठवतात, कारण त्यांनी वर लावलेले पैसे त्यात उघडे पडतात. त्याने सेवेचे पैसे घ्यावेत, त्यात गैर काही नाही, पण किती घेतले ते कळलं पाहिजे. तिकीट क्रमांक आणि आडनाव टाकून बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर बुकिंग उघडतं. एजंटाने सांगितलेली रक्कम तिकिटाशी तिथे ताडून पाहा.

तीन ढीग करा

फोडीमध्ये इंग्रजी दोन अक्षरांचे कोड असतात. पहिल्यांदा पाहिले की डोकं गरगरतं, पण सगळे मिळून तीनच ढीग होतात.

पहिला ढीग विमान कंपनीचा. मूळ भाडं आणि त्याखाली वाय-क्यू किंवा वाय-आर या कोडची रक्कम. ती करांच्या यादीत बसलेली असते म्हणून लोक तिला कर समजतात. तो कर नाही. इंधन अधिभाराच्या नावाने कंपनीच स्वतःसाठी घेते, सरकारला त्यातला पैसा जात नाही. माझ्या मते सगळ्या तिकिटात फसवी ओळ असेल तर हीच.

दुसरा ढीग सरकारांचा आणि विमानतळांचा. आय-एन म्हणजे आपल्याकडचं यूडीएफ, विमानतळ वापराचं शुल्क. मोठ्या विमानतळांचा हा दर ऐरा नावाचं सरकारी प्राधिकरण ठरवतं. पी-२ म्हणजे सुरक्षा शुल्क. १ एप्रिल २०२१ पासून परदेशी जाणाऱ्याला ते १२ डॉलर आहे, देशांतर्गत २०० रुपये. के-३ म्हणजे जीएसटी, इकॉनॉमीला ५ टक्के. वरच्या वर्गांना तो १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. बाकीचे कोड परदेशातले: जी-बी हा ब्रिटनचा प्रवासी कर, यू-बी तिथल्या विमानतळाचं शुल्क, ए-ई आणि एफ-६ अमिरातीतले. कधीकधी फोडीत एक्स-टी एवढंच दिसतं. तो स्वतंत्र कर नसून बऱ्याच करांची एकत्र बेरीज असते. एजंटाकडे त्याची फोड मागायची.

तिसरा ढीग पोर्टलचा नाहीतर एजंटाचा: कन्व्हिनियन्स फी, सेवा शुल्क, विमा, सीट निवडण्याचे पैसे. यातलं बरंचसं तुम्ही न विचारता खूण राहून गेल्यामुळे लागलेलं असतं. पैसे भरण्याआधी विम्याची खूण काढता येते.

कुठून उडता, त्यावर रक्कम ठरते

मोठे कर बहुतेक वेळा निघण्याच्या ठिकाणी लागतात. उतरताना लागले तरी कमी लागतात. मुंबईचं उदाहरण घ्या. मे २०२५ पासून लागू झालेल्या दरांत परदेशी निघणाऱ्या इकॉनॉमी प्रवाशाला यूडीएफ ६१५ रुपये आणि परदेशातून उतरणाऱ्याला २६० रुपये. दिल्लीत एप्रिल २०२५ पासूनचे आकडे ६५० आणि २७५. हे दर बदलत राहतात, म्हणून तिकिटावरचा आकडा विमानतळाच्या चालू दराशी जुळवायचा.

आता लंडन पाहा. ब्रिटनचा प्रवासी कर फक्त तिथून निघताना लागतो, उतरताना नाही. कर अंतराच्या गटावर असतो आणि भारत २,००१ ते ५,५०० मैलांच्या गटात बसतो. इकॉनॉमीला १ एप्रिल २०२५ पासून ९० पौंड, १ एप्रिल २०२६ पासून १०२ पौंड. म्हणजे नुसता हा एक कर बारा हजार रुपयांच्या आसपास गेला. जाण्या-येण्याच्या तिकिटात ‘टॅक्स एवढा कसा?’ असं जे वाटतं त्याचं उत्तर परतीच्या प्रवासात असतं. बिझनेस क्लासला हाच कर दुपटीहून जास्त.

यात एक गोष्ट आमच्याकडच्या आजी-आजोबांच्या उपयोगाची आहे. इकॉनॉमीत बसणाऱ्या सोळा वर्षांखालच्या मुलांना हा ब्रिटिश कर माफ आहे. दोन वर्षांखालच्या बाळाला आपल्याकडे यूडीएफ लागत नाही. नातवंडं सुट्टीत गावी येणार असतील तर त्यांच्या तिकिटावर जी-बीची ओळ शोधा. दिसली तर परत मागा.

अमेरिकेहून येणारा पोरगा लंडनला मित्राकडे तीन दिवस थांबला, तर त्या थांब्यामुळे ब्रिटनचा कर लागू होतो. एकाच तिकिटावर चोवीस तासांच्या आत पुढचं विमान धरलं तर लागत नाही. दुबईहून निघताना ७५ दिरहम सेवा शुल्क आणि वर सुविधा शुल्क वेगळं. जपानने ७ जानेवारी २०१९ पासून देश सोडणाऱ्याला १,००० येनचा कर लावला. आयर्लंडने आपला हवाई प्रवास कर एप्रिल २०१४ मध्ये काढूनच टाकला. लेक डब्लिनला असेल तर परतीचं विमान तिथूनच धरा, बस्स. एवढ्यासाठी मुद्दाम लंडनहून डब्लिनला जाण्यात राम नाही. फ्रान्सने २००६ पासून तिकिटावरच्या एका छोट्या कराचा पैसा एड्स, क्षय आणि मलेरियाच्या औषधांकडे वळवला. असा एखादा कर द्यायला जीवावर येत नाही.

नागपूर की मुंबई?

नागपूरहून थेट परदेशी विमानं मोजकीच, शारजा-दोहाकडची. बाकी ठिकाणी जायला मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते. लोक विचारतात, नागपूर-मुंबई तिकीट वेगळं काढलं तर स्वस्त पडेल का?

यूडीएफच्या नियमात मधल्या विमानतळावर फक्त विमान बदलणाऱ्याला सूट आहे, पण दोन अटींवर: पुढचं विमान चोवीस तासांच्या आत हवं आणि दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर हवेत. दोन वेगळी तिकिटं काढली की तुम्ही नागपूरचे देशांतर्गत प्रवासी ठरता आणि मुंबईहून नव्याने निघणारे ठरता. मग शुल्क दोन्हीकडे लागतं, सुरक्षा शुल्कही दोनदा. खरं सांगायचं तर ही रक्कम दीड-दोन हजारांत आटोपते. खरा चटका सामानाचा बसतो. एका तिकिटावर परदेशी प्रवासाचं वजन नागपूरपासून लागू होतं. वेगळ्या तिकिटावर साधारण पंधरा किलोला गाडी अडते, आणि आपल्या बॅगेत तिखट, सरगुंडे, कुरड्या, लोणच्याची बरणी. नागपूरचं विमान उशिरा सुटून मुंबईचं चुकलं तरी वेगळ्या तिकिटात कंपनी जबाबदारी घेत नाही. विदर्भ एक्सप्रेसने एक दिवस आधी मुंबईला पोचणाऱ्यांचा हिशोब अर्थातच निराळा. त्यांना हा प्रश्नच येत नाही.

‘तिथे रोख भरावं लागते’

विमानतळावरच्या कराबद्दल असं कोणी म्हटलं तर जरा थांबा. जुन्या लोकांना आठवत असेल, आपल्याकडे परदेश प्रवास कर होता, माणशी ५०० रुपये. तो २००४ च्या सुरुवातीला रद्द झाला. आज आपल्या विमानतळावर प्रवाशाकडून ‘एअरपोर्ट टॅक्स’ म्हणून रोख घ्यायची पद्धत नाही, सगळं तिकिटात येतं. काही ठिकाणी तिकिटाबाहेरचे खर्च असतात, उदाहरणार्थ बालीने फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांवर दीड लाख रुपयांचा (इंडोनेशियन रुपया हो, आपला नाही) कर लावला आहे. पण तो तुम्ही तिथल्या अधिकृत वेबसाइटवर स्वतः भरता. एजंटाच्या हातात रोख द्यायचा तो कर नव्हे.

तिकीट रद्द करायची वेळ आली तर

दोन वर्षांपूर्वी भाऊ आणि वहिनी बर्मिंगहॅमला निघाले होते. जायच्या बारा दिवस आधी वहिनी गोठ्यात घसरल्या आणि घोट्याचं हाड मोडलं. तिकीट सगळ्यात स्वस्तातलं, एका भारतीय कंपनीचं. जिल्ह्याच्या गावातल्या एजंटाला फोन केला तर म्हणाला, ‘काकाजी, नॉन-रिफंडेबल आहे ते. त्याच्यात काही भेटत नाही. सोडून द्या.’ भाऊ सोडून द्यायला तयारही झाला होता.

नॉन-रिफंडेबल असतं ते भाडं. डीजीसीए, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याच्या परताव्याच्या नियमात (सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट २) दोन वाक्यं कामाची आहेत. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. आणि तिकीट रद्द झालं, वापरलं नाही किंवा प्रवासी आलाच नाही, तरी सरकारी कर आणि यूडीएफसारखी विमानतळ शुल्कं परत द्यायची, मग तिकीट ऑफरमधलं असो की भाडं परत न मिळणारं असो. वर केलेल्या ढिगांच्या भाषेत सांगायचं तर पहिला ढीग बुडू शकतो, दुसरा नाही. प्रवासच झाला नाही तर विमानतळाने शुल्क कशाचं घ्यायचं?

आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो. दोघांचं पीएनआर एकच होतं, म्हणून आधी कंपनीच्या हेल्पलाइनला सांगून ते दोन भागांत वेगळं करून घेतलं. नाहीतर वहिनींचं रद्द करताना भावाचंही जाण्याची भीती. मग विमान सुटायच्या आधीच वहिनींचं तिकीट रद्द केलं. नुसतं न जाणं हा पर्याय नको, न येणाऱ्याचं वेगळं शुल्क कंपन्या लावतात आणि परतीचा प्रवासही आपोआप रद्द होतो. त्यानंतर कंपनीला ईमेल केला आणि एजंटाला त्याची प्रत. इंग्रजीत लिहिला, मतलब एवढाच: ‘या तिकीट क्रमांकावर प्रवास झालेला नाही. भाडं परत मिळत नसल्याचं मान्य आहे. न वापरलेले सर्व कर आणि विमानतळ शुल्कं नियमाप्रमाणे परत करावीत. त्यांची फोड सोबत जोडली आहे.’ फोडीतल्या ओळी कोडसकट खाली उतरवल्या. ओळ दाखवून मागितलं की उत्तर टाळता येत नाही, हा माझा अनुभव.

कंपनीने पहिल्यांदा पुढच्या प्रवासासाठी क्रेडिट देऊ केलं. क्रेडिट घ्यायचं की पैसे, हे त्या नियमाने प्रवाशाच्या हातात ठेवलेलं आहे. आम्ही पैसे मागितले. साडेचौदा हजार परत आले, पण एजंटाच्या खात्यात, कारण तिकीट त्याच्या खात्यातून काढलं होतं. त्याने पंधरा दिवस ‘अजून आलं नाही’ म्हणून घालवले. कंपनीकडून परताव्याची तारीख ईमेलने मागवून त्याला दाखवली, तेव्हा दुसऱ्या दिवशी पैसे मिळाले. तिकीट एजंटाकडून घेतलं तरी परताव्याची जबाबदारी कंपनीची, कारण एजंट तिचाच प्रतिनिधी असतो, हेही त्याच नियमात आहे.

परदेशी कंपनीच्या तिकिटाला मात्र ही वाक्यं जशीच्या तशी लागत नाहीत. परदेशी कंपन्यांनी आपापल्या देशाच्या नियमांप्रमाणे परतावा द्यायचा, असं तोच नियम सांगतो. ब्रिटनच्या प्रवासी कराचं उदाहरण घ्या: प्रवासी उडालाच नाही तर कंपनीला तो कर सरकारकडे भरावा लागत नाही, पण प्रवाशाला परत देण्याची तिच्यावर सक्तीही नाही. बऱ्याच कंपन्या मागितल्यावर देतात आणि काही हाताळणी शुल्क कापतात. न मागणाऱ्याचे त्यांच्याकडेच राहतात. परदेशी कंपनीचं तिकीट घेताना म्हणूनच ‘कर परत मिळणार का’ हे आधी अटींमध्ये वाचून घ्या.

जाताना प्रवास झाला आणि परतीचा राहिला, तरी परतीच्या प्रवासावरचे कर मागता येतात. ब्रिटनसारख्या देशातून येताना मोठी रक्कम त्याच बाजूला असते हे वर पाहिलंच.

पैसे अडकले तर

कंपनीला लिहूनही उत्तर नसेल तर नागरी उड्डाण मंत्रालयाचं एअरसेवा पोर्टल किंवा ॲप आहे. तिथे पीएनआर, तिकिटाची प्रत आणि ईमेल जोडून तक्रार टाकता येते. एजंट किंवा पोर्टल अडवत असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलता येतं. शेवटचा दरवाजा जिल्हा ग्राहक आयोग. त्यासाठी पावती, भाड्याची फोड आणि ईमेल मोबाइलमध्येच न ठेवता छापून फाईलला लावा, पट्टी ठेवतो तशी.

आणखी एक. नुसत्या विमान तिकिटावर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून आधीच घेऊन सरकारला भरायचा आयकर, लागत नाही. तिकीट आणि हॉटेल एकत्र असं परदेश सहलीचं पॅकेज घेतलं तर लागतो. सहल कंपनीने तो तुमच्या पॅनवर भरला पाहिजे. फॉर्म २६-एएसमध्ये, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या नोंदीत, दिसला की आयकर विवरणात वळता करून घेता येतो. श्रीलंकेला किंवा थायलंडला बुद्धस्थळं पाहायला जाणारे आमच्याकडचे बरेच जण विवरण भरतच नाहीत, कारण उत्पन्न शेतीचं. त्यांनी तेवढ्या वर्षापुरतं भरावं, तो पैसा परत मिळतो.