‘असतो’ दोनदा, ‘वुड’ मात्र एकदाच

‘मी लवकर निघालो असतो तर गाडी मिळाली असती.’ शाळेत संकेतार्थ म्हणून शिकलेलं हे वाक्य. यात ‘तर’च्या दोन्ही बाजूंना असणे आहे, म्हणून इंग्रजी बोलतानाही दोन्हीकडे एकच साचा बसवला जातो: ‘इफ आय वुड हॅव लेफ्ट अर्ली, आय वुड हॅव कॉट द ट्रेन.’ चूक इथेच होते. बरोबर वाक्य असं: ‘इफ आय हॅड लेफ्ट अर्ली, आय वुड हॅव कॉट द ट्रेन.’

‘तर’च्या अलीकडच्या ‘असतो’ला हॅड, पलीकडच्या ‘असती’ला वुड हॅव आणि दोन्हीकडे क्रियापदाचं तिसरं रूप. अमेरिकन माणसांच्या बोलण्यात इफनंतरही वुड हॅव ऐकू येतं, पण परीक्षेत आणि ऑफिसच्या लेखी इंग्रजीत ते चूकच धरलं जातं.

सवय होईपर्यंत मराठी वाक्य सरळ ‘तर’पाशी तोडा. ‘तिने फोन केला असता’ हा एक तुकडा, ‘आम्ही थांबलो असतो’ हा दुसरा. पहिल्याचं शी हॅड कॉल्ड, दुसऱ्याचं वी वुड हॅव वेटेड. सुरुवातीला इफ लावा आणि जोडा: ‘इफ शी हॅड कॉल्ड, वी वुड हॅव वेटेड.’ ‘तर’साठी वेगळं देन लागत नाही, जर-तर दोन्ही त्या इफमध्ये आले. इफचा तुकडा आधी असेल तर मध्ये स्वल्पविराम द्या, नंतर आला तर देऊ नका.

क्रियापदाची रूपं पाठ नसतील तर एवढं करूनही वाक्य कोसळतं. हॅड वेंट, हॅड टुक, वुड हॅव डिड हे नेहमीचे घोटाळे. गॉन, टेकन, डन, सीन, नोन, गिव्हन, स्पोकन, रिटन ही आठ रूपं आधी घोटून घ्या. कमचं तिसरं रूप पुन्हा कमच आहे. ‘इफ यू हॅड कम’ कानाला खटकतं म्हणून लोक हॅड केम करतात, पण हॅड कम हेच बरोबर. या साच्यात वुडनंतर नेहमी हॅव येतं, हॅड किंवा हॅज कधीच नाही, मग कर्ता ही असो की शी. बोलताना वुड हॅवचं ‘वुडव्ह’ होतं. ते ऐकून लिहिताना हॅवच्या जागी ऑफ टाकू नका.

ऐकताना आणखी एक अडचण येते. आय हॅड आणि आय वुड या दोन्हींचं ‘आयड’ होतं. पुढे हॅव ऐकू आलं तर ते वुड, थेट तिसरं रूप आलं तर हॅड.

खरी गोम काळाची आहे, आणि तिथे मराठी आपल्याला फारशी मदत करत नाही. ‘पैसे असते तर फ्लॅट घेतला असता’ हे आजबद्दल आहे की तेव्हाबद्दल? मराठीत दोन्ही चालतं. इंग्रजीत आधी ठरवावं लागतं. आजची गोष्ट असेल तर ‘इफ आय हॅड द मनी, आय वुड बाय अ फ्लॅट.’ २०१० साली कोथरूडमध्ये घ्यायचा राहिला असेल तर ‘इफ आय हॅड हॅड द मनी, आय वुड हॅव बॉट अ फ्लॅट.’ ते हॅड हॅड छापायची चूक नव्हे: पहिलं सहायक, दुसरं हॅवचं तिसरं रूप.

म्हणून ‘कधी?’ हा प्रश्न दोन्ही तुकड्यांना वेगवेगळा विचारा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. ‘धरण फुटलं नसतं तर पेठांत पाणी शिरलं नसतं’ यात दोन्ही गोष्टी त्याच दिवसाच्या: ‘इफ द डॅम हॅडन्ट बर्स्ट, द वॉटर वुडन्ट हॅव एन्टर्ड द पेठ्स.’ पण ‘धरण फुटलं नसतं तर नदीकाठचे कितीतरी वाडे आज उभे असते’ म्हटलं की पहिला तुकडा १९६१ चा आणि दुसरा आजचा. अशा वेळी वुड हॅव नको, नुसतं वुड: ‘मेनी रिव्हरसाइड वाडाज वुड स्टिल बी स्टँडिंग टुडे.’ दुसऱ्या तुकड्यात आज, आता, एव्हाना यांपैकी काही आलं की थांबून काळ तपासा.

असेल आणि असता यांचीही गल्लत नको. ‘तो सातला निघाला असेल तर लोणावळ्याला पोहोचला असेल’ यात तो निघाला की नाही हे आपल्याला माहीत नाही, शक्यता उघडी आहे. तिथे हॅड नाही: ‘इफ ही लेफ्ट ॲट सेव्हन, ही विल हॅव रीच्ड लोणावळा बाय नाउ.’ असता आलं म्हणजे गोष्ट घडली नाही हे पक्कं.

वुड हॅव हा ठाम दावा आहे. ‘पानिपतावर मराठे जिंकले असते तर’ या पुण्यातल्या न संपणाऱ्या वादात इतकं ठाम बोलणं धाडसाचं, तिथे माइट हॅव शोभतं: ‘इफ द मराठाज हॅड वन इन १७६१, द ब्रिटिश माइट हॅव टेकन लाँगर टू कंट्रोल इंडिया.’ ‘करू शकलो असतो’ला कुड हॅव.

हिंजवडीतल्या मुलाखतीत हा साचा हमखास लागतो, कारण ‘वॉट वुड यू हॅव डन डिफरन्टली?’ हा प्रश्न ठरलेला. उत्तर आय विलने सुरू केलंत तर ते पुढच्या वेळचं झालं, विचारलेलं मागचं होतं. ‘आय वुड हॅव टेस्टेड इट ऑन रिअल डेटा. इफ वी हॅड डन दॅट, वी वुड हॅव फाउंड द बग अर्लियर.’ एवढं पुरे.

आणि मदत केलेल्या सहकाऱ्याला ‘तुम्ही नसता तर काम झालं नसतं’ असं सांगायचं असेल, तर इफ यू वेअर नॉट असं शब्दाला शब्द लावू नका. यासाठी इंग्रजीत तयार वाक्य आहे: ‘इफ इट हॅडन्ट बीन फॉर यू, वी वुडन्ट हॅव फिनिश्ड.’